खोडलेले नाव जाते कुठे? शिरूर-दौंडची जमीन आणि संगणकाची डिस्क

१/
१२ मे १८७५. भीमथडी तालुक्यातील सुपे गावचा बाजाराचा दिवस. आसपासच्या वाड्या-वस्त्यांतून जमलेले शेतकरी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेले. काही ठिकाणी धान्य व कापड लुटले गेले. पण जमावाची मुख्य मागणी वेगळीच होती. त्याला कर्जरोखे, हिशेबाच्या वह्या आणि न्यायालयाचे हुकूमनामे हवे होते. कागद हाती आले की ते जाळले जात. जेथे ते मुकाट्याने मिळाले, तेथे सावकाराच्या अंगाला सहसा हात लागला नाही.

२/
या उठावाची पहिली ठिणगी पाच महिने आधी शिरूर तालुक्यातील करडे गावात पडली होती. डिसेंबर १८७४ मध्ये काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध हुकूमनामा मिळवला आणि त्यांचे घर पाडण्यास सुरुवात केली. गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. तेथून सुपे, मग शिरूर, इंदापूर आणि नगर जिल्ह्यातील श्रीगोंदे, पारनेर असा हा वणवा पसरला. इतिहासात तो ‘दख्खनचे दंगे’ म्हणून ओळखला जातो.

३/
या घटनेची आर्थिक मीमांसा पुष्कळ झाली आहे. येथे विचार करायचा आहे तो वेगळ्याच प्रश्नाचा : नोंद नष्ट केली म्हणजे नेमके काय नष्ट होते? हाच प्रश्न सुमारे शंभर वर्षांनी संगणकाची फाइल सिस्टीम रचणाऱ्यांपुढे उभा राहिला. डिस्कवर जागा कोणाला द्यायची, कोणती जागा मोकळी आहे हे कसे ओळखायचे आणि ‘डिलीट’ केलेल्या फाइलच्या जागेचे पुढे काय करायचे? जमाबंदीच्या इतिहासात या तिन्ही प्रश्नांना अगोदरच तोंड द्यावे लागले होते, आणि तेही याच भीमेच्या खोऱ्यात.

४/
सप्टेंबर १९५६ मध्ये आयबीएम कंपनीने ‘रॅमॅक’ हे यंत्र बाजारात आणले. त्यात प्रत्येकी २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सर्वांवर मिळून ५० लाख अक्षरे मावत. आजच्या मोबाइलमधील एखाददुसऱ्या छायाचित्राइतकी ही जागा! मात्र यातली कोणतीही नोंद क्रम न पाळता थेट गाठता येत असे, ही त्या काळी मोठी क्रांती होती. आता एक नवा पेच निर्माण झाला. तबकडी म्हणजे बांध न घातलेले माळरान. कोणाचे काय कोठे आहे, याचा हिशेब ठेवणारी वेगळी व्यवस्था हवी होती.

५/
१८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारपुढे नेमका हाच पेच होता. १८२८ पासून रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्याची मोजणी हाती घेतली. प्रत्येक शेताचे निव्वळ उत्पन्न काढून त्यावर सारा ठरवायचा, अशी त्याची पद्धत होती. कागदावर ती फार शास्त्रशुद्ध दिसे. प्रत्यक्षात मात्र आकारणी चुकली, सारा जड झाला आणि कुणब्यांनी जमिनी टाकून दिल्या. काही वर्षांतच ही पद्धत सोडून द्यावी लागली.

६/
मग गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट या दोघांनी १८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यात नवी मोजणी सुरू केली. तिच्यासाठी ३३ फुटांची साखळी वापरली आणि त्या साखळीचे १६ आणे पाडले. साखळीभर लांब व साखळीभर रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. साधारणपणे एका बैलजोडीने कसता येईल एवढ्या जमिनीचा एक ‘सर्वे नंबर’ करावा, असे तत्त्व होते. पुढे भीमथडीसह जिल्ह्यातील इतर तालुक्यांतही हीच पद्धत आली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिला कायमचे रूप दिले.

७/
सर्वे नंबर म्हणजे हिशेबासाठी ठरवलेला जमिनीचा सर्वांत लहान घटक. डिस्कवरही असाच घटक लागतो. त्याला ब्लॉक म्हणतात. सुरुवातीच्या युनिक्समध्ये तो ५१२ बाइटचा होता, आज बहुधा ४,०९६ बाइटचा असतो. घटक फार लहान ठेवला तर हिशेबच अवाढव्य होतो. फार मोठा ठेवला तर जागा वाया जाते. शंभर बाइटची चिठ्ठी लिहिली तरी बहुतेक व्यवस्थांत तिला पूर्ण ब्लॉक द्यावा लागतो. उरलेल्या भागात दुसऱ्या कोणाला पेरणी करता येत नाही.

८/
जागेचे वाटप आणि पुनर्वापर यांतले साम्य तर याहून ठळक आहे. रयतवारी पद्धतीत शेतकऱ्याला दरवर्षी ठरावीक मुदतीत ‘राजीनामा’ देऊन सर्वे नंबर सोडता येई. सोडलेला नंबर ‘पड’ म्हणून लागे. दुसऱ्या कोणाला तो हवा असल्यास ‘कबुलायत’ लिहून देऊन तो घेता येई. जमीन तीच, नंबर तोच. फक्त त्यापुढचे नाव बदले. इंदापुरात नवी आकारणी लागू झाल्यावर हलक्या साऱ्यामुळे पुष्कळशी पड जमीन पुन्हा लागवडीखाली आली.

९/
फाइल सिस्टीमही मोकळ्या ब्लॉकांची अशीच पड-यादी ठेवते. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९७० च्या सुमारास घडवलेल्या युनिक्समध्ये मोकळे ब्लॉक एका साखळीत ओवलेले असत. नवी फाइल आली की साखळीच्या टोकाचा ब्लॉक तिला द्यायचा आणि फाइल गेली की तिचे ब्लॉक पुन्हा साखळीत अडकवायचे. नंतरच्या व्यवस्थांनी साखळीऐवजी नकाशा स्वीकारला. त्यात प्रत्येक ब्लॉकसाठी एकच खूण असते : शून्य म्हणजे पड, एक म्हणजे वहिवाटीत.

१०/
युनिक्सची खरी कल्पकता नाव आणि मालमत्ता वेगळी ठेवण्यात होती. फाइलचे नाव फोल्डरच्या यादीत असते, पण तिचे ब्लॉक कोणते, याची नोंद ‘आयनोड’ नावाच्या वेगळ्या पत्रकात असते. गावच्या दप्तरातही असेच आहे. गाव नमुना ८-अ पाहिला की एका खातेदाराच्या नावावर कोणकोणत्या जमिनी आहेत ते कळते. हा झाला आयनोड. गाव नमुना ७ पाहिला की एका जमिनीवर कोणाकोणाचा हक्क आहे ते कळते. ही दोन पत्रके जुळली नाहीत, तर घोटाळा झाला असे समजावे.

११/
डिस्कवर असा घोटाळा झाला तर तपासणीसाठी वेगळी प्रणाली चालवावी लागते. एकच ब्लॉक दोन फाइलींच्या नावे लागला आहे का, वहिवाटीतील ब्लॉक चुकून पड दाखवला आहे का, हे ती एकेक करून पाहते. महाराष्ट्रात सात-बाराचे संगणकीकरण झाले तेव्हा तलाठ्यांनी हस्तलिखित उतारे आणि संगणकातील उतारे यांचा मेळ घालण्याचे जे किचकट काम केले, ते याच जातीचे होते. फरक एवढाच की डिस्कवरचा घोटाळा काही मिनिटांत उमगतो, गावातला कधी कधी न्यायालयात पिढ्यान्‌पिढ्या चालतो.

१२/
आता मूळ प्रश्नाकडे वळू या. फाइल ‘डिलीट’ होते तेव्हा काय होते? १९७७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या मार्क मॅकडोनाल्ड यांनी ‘फॅट’ नावाची पद्धत रचली. पुढे एमएस-डॉसबरोबर ती जगभर पोहोचली आणि मेमरी कार्डांवर तिचे वंशज आजही आढळतात. या पद्धतीत फाइल पुसताना यादीतील तिच्या नावाचे केवळ पहिले अक्षर बदलून तेथे एक ठरावीक खूण केली जाते आणि तिचे ब्लॉक मोकळे म्हणून नोंदवले जातात. त्या ब्लॉकांमधील मजकुराला कोणी हातही लावत नाही. नवी फाइल येऊन त्यावर लिहीपर्यंत तो तसाच पडून राहतो.

१३/
म्हणूनच १९८२ मध्ये पीटर नॉर्टन यांनी पुसलेली फाइल परत आणणारे साधन विकायला काढले, तेव्हा लोकांना ती जादू वाटली. त्यात जादू नव्हती. पेरणी न झालेल्या पड शेतात मागच्या पिकाची धसकटे दिसतात, इतकाच त्याचा अर्थ. मात्र अशा साधनाला एक मर्यादा होती. फाइलचे ब्लॉक सलग असतील तरच ती सुखरूप परत मिळे. ते डिस्कभर विखुरलेले असतील, तर त्यांना जोडणारा दुवा नाव पुसतानाच तुटलेला असे.

१४/
जुन्या सात-बारावर नाव कमी करण्याची रीत हुबेहूब अशीच आहे. विक्री झाली, वाटणी झाली किंवा खातेदार मृत्यू पावला की जुने नाव खरवडून काढत नाहीत. त्याला कंस करतात. कंसातले नाव वाचता येते, पण त्याला हक्क उरत नाही. त्याच्या शेजारी नवे नाव आणि फेरफाराचा क्रमांक येतो. इतिहासाच्या अभ्यासकाला हे कंस फार मोलाचे. एका उताऱ्यावरून दोन-तीन पिढ्यांचे व्यवहार, मृत्यू आणि तंटे उलगडतात.

१५/
त्यातही फेरफाराची नोंदवही, म्हणजे गाव नमुना ६, विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली. बदल आधी फेरफार नोंदवहीत क्रमाने लिहायचा, संबंधितांना नोटीस द्यायची, हरकतीसाठी मुदत ठेवायची. वरिष्ठाने नोंद प्रमाणित केल्यावरच मूळ पत्रकात बदल करायचा, अशी रीत पुढे रुळली. नोंद रद्द झाली तरी तिचा क्रमांक वहीतून नाहीसा होत नाही. संगणकाच्या भाषेत याला ‘जर्नल’ म्हणतात. लिनक्सवरील ‘एक्स्ट-३’ सारख्या व्यवस्थाही बदल आधी रोजकीर्दीत उतरवतात आणि मग मूळ जागी करतात. मध्येच वीज गेली तर ती रोजकीर्द वाचून पुढचे काम करता येते.

१६/
वाटप आणि पुनर्वापर सतत चालू राहिले की आणखी एक दुखणे जडते : तुकडे पडणे. १९८४ मध्ये मार्शल मक्युसिक आणि त्यांच्या बर्कली येथील सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात याचे मोजमाप दिले आहे. जुन्या युनिक्सची फाइल सिस्टीम कोरी असताना सेकंदाला १७५ किलोबाइटपर्यंत मजकूर वाचून देई. काही आठवड्यांच्या साध्या वापरानंतर हा वेग ३० किलोबाइटवर आला. यंत्र बिघडले नव्हते. मोकळ्या ब्लॉकांची साखळी विस्कटली होती आणि एकाच फाइलचे भाग तबकडीभर पांगले होते. वाचनाच्या सुईचा वेळ धावण्यातच जात होता.

१७/
पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी हेच दुखणे जमिनीवर मोजले होते. १९१७ च्या त्यांच्या ग्रंथात पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास आहे. तेथील सरासरी धारणा १७७१ मध्ये ४० एकर होती. १९१५ च्या सुमारास ती ७ एकरांवर आली. १५६ खातेदारांच्या जमिनी सातशेहून अधिक तुकड्यांत विखुरल्या होत्या आणि त्यांपैकी ४६३ तुकडे एकरापेक्षाही लहान होते. बैलजोडीचा वेळ नांगरण्याऐवजी एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जाण्यात सरे. आज त्याच पिंपळे सौदागरात संगणक अभियंत्यांच्या उंच इमारती उभ्या आहेत.

१८/
मॅन यांनी ना. वि. कानिटकर यांच्यासह केलेला दुसरा अभ्यास १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला; तो शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुकचा. पिंपळे सौदागर शहराच्या सावलीतले, तर जातेगाव पावसाच्या भरवशावर जगणारे कोरडवाहू गाव. दख्खनच्या दंग्यांना तेव्हा पंचेचाळीसहून अधिक वर्षे लोटली होती. तरी कर्ज आणि तुटपुंजी जमीन ही दोन्ही दुखणी मॅन यांना तेथे भेटली.

१९/
डिस्कवर यावर दोन उपाय निघाले. पहिला प्रतिबंधाचा : बर्कलीच्या मंडळींनी तबकडीचे विभाग पाडले, एका फाइलचे ब्लॉक शक्यतो जवळजवळ ठेवले आणि सुमारे १० टक्के जागा नेहमी मोकळी राखली. गच्च भरलेल्या डिस्कवर जवळची जागा मिळणार तरी कोठून? दुसरा उपाय एकत्रीकरणाचा : विखुरलेले ब्लॉक उचलून सलग मांडायचे. नव्वदच्या दशकात संगणकाच्या पडद्यावर रंगीत चौकोन सरकताना अनेकांनी पाहिले असतील. ते हेच ‘डीफ्रॅग’.

२०/
जमिनीसाठीही हेच दोन उपाय एका कायद्यात आले. १९४७ च्या मुंबईच्या कायद्याने ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडे पाडण्यास बंदी घातली आणि पडलेल्या तुकड्यांचे एकत्रीकरण करण्याची तरतूद केली. जेथे एकत्रीकरण झाले तेथे सर्वे नंबर जाऊन ‘गट नंबर’ आले. शिक्रापूर, सणसवाडी किंवा यवत परिसरातील कोणताही पत्ता पाहावा; त्यात ‘गट क्रमांक’ आढळतो. तो अंक म्हणजे या डीफ्रॅगचीच उमटलेली खूण.

२१/
मात्र येथे उपमा संपते, आणि ती का संपते हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. डिस्कवर एका ब्लॉकमधील मजकूर दुसऱ्यात नेला तर कोणाचे काही बिघडत नाही. सारे ब्लॉक सारखेच. जमिनीचे तसे नाही. एक तुकडा विहिरीलगतचा, दुसरा मुरमाड. एकावर आजोबांनी लावलेला आंबा, दुसऱ्याला वाटच नाही. कागदावर क्षेत्र आणि आकार जुळवून अदलाबदल झाली, तरी प्रत्यक्ष ताबा अनेक ठिकाणी जुन्याच बांधांवर राहिला. एकत्रीकरणातील चुकांच्या दुरुस्तीचे अर्ज भूमी अभिलेख खात्याकडे अजूनही येतात. नोंद हलली, पण शेतकरी हलला नाही.

२२/
आता पुन्हा १८७५ कडे. सारावाढीने, आणि अमेरिकन यादवी युद्ध संपल्यावर कोसळलेल्या कापसाच्या भावाने शेतकरी आधीच पिचला होता. त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू ऋणकोच्या संरक्षणाचा, परिणाम उलटा. दर तीन वर्षांनी जुना रोखा फाडून, व्याज मुद्दलात मिळवून, नवा रोखा लिहून घेतला जाऊ लागला. जुनी नोंद जाई; कर्ज मात्र वाढून नव्या नोंदीत येई. त्या रोख्यावर काय लिहिले आहे, हे अंगठा उठवणाऱ्याला वाचता येत नव्हते.

२३/
म्हणून रोखे जाळणारा शेतकरी अडाणी नव्हता. आपली जमीन कागदावर हरवते आहे, हे त्याने अचूक ओळखले होते. ज्या व्यवहाराची एकच प्रत सावकाराच्या पेटीत होती, तेथे कागद जळताच पुरावाही जळाला. परंतु जो दस्त नोंदणी कचेरीत नोंदला गेला होता त्याची नक्कल सरकारी दप्तरात होती, आणि हुकूमनाम्याचे मूळ न्यायालयात होते. तेथे आगीने फक्त एक प्रत गेली. ‘फॅट’ पद्धतीतही ब्लॉकांच्या तक्त्याच्या दोन प्रती ठेवतात, त्या याच कारणासाठी.

२४/
सरकारने चौकशी आयोग नेमला आणि त्यानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्याने न्यायालयाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला आणि शेतकऱ्याचे रोखे गाव-निबंधकासमोर लिहिले जावेत अशी तरतूद केली. नोंदी जाळल्याचे उत्तर अधिक नोंदी हेच निघाले. पण आता ती नोंद एकाच पक्षाच्या पेटीत राहणार नव्हती.

२५/
युनिक्समध्ये एका फाइलला अनेक नावे असू शकतात. त्यांपैकी एक पुसले तरी फाइल जात नाही. शेवटचे नाव पुसले जाते तेव्हाच तिची जागा मोकळी होते. वारसांच्या जमिनीचे गणितही असेच आहे, आणि म्हणूनच यादीत कोणाचे नाव लागले व कोणाचे लागलेच नाही, हा प्रश्न जीवनमरणाचा ठरतो. वारसनोंद न झालेल्या विधवेला पीककर्ज मिळणे कठीण. भूसंपादन झाले तर मोबदल्याची नोटीस मृताच्या नावे निघते. मुलींना २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क मिळाला, तरी हक्कसोडपत्रावर सही होऊन बहिणींची नावे कमी होताना आजही दिसतात.

२६/
१ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा मिळू लागला. २०२५ मध्ये मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी राज्यात ‘जिवंत सात-बारा’ मोहीम निघाली. करडे, सुपे, जातेगाव या गावांची जमीन आता खरोखरच डिस्कवरच्या ब्लॉकांत नोंदलेली आहे. विंगेटची साखळी आणि थॉम्पसनची साखळी अखेर एकमेकींत गुंफली गेली.

२७/
घरात जुना हस्तलिखित सात-बारा असेल तर तो एकदा उलगडून पाहावा. चालू नावांकडे सारेच पाहतात. कंसातली नावे वाचावीत, त्यांच्यापुढचे फेरफार क्रमांक टिपावेत आणि ती नोंदवही पाहण्यासाठी तलाठी कार्यालयात किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करावा. कोणी विकले, कोणी सोडले, कोणाचे नाव लागलेच नाही, हे तेथे लिहिलेले असते. त्यावर अजून कोणी नवे लिहिलेले नाही, तोवर ते वाचून घेतलेले बरे.